वीज बंद केली म्हणजे तार सुरक्षित झाली का? वायरमनचं परमिट, अर्थिंग आणि सोलरमुळे बदललेलं गणित

पाऊस सुरू होतो, लाइट जाते आणि पाचव्या मिनिटाला सोसायटीच्या नाहीतर गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिला मेसेज येतो, 'लाइट कधी येणार?' अर्ध्या तासाने सूर बदलतो. 'वायरमन खांबाजवळ नुसता उभा आहे, काहीच करत नाही.'

वायरमन खांबाखाली फोन कानाला लावून उभा असेल, तर बहुतेक वेळा तो त्याच्या कामातला सगळ्यात महत्त्वाचा भाग करत असतो. तो परमिटची वाट बघत असतो. हे परमिट न घेता जो खांबावर चढतो, त्याच्या जिवाची हमी कुणीच देऊ शकत नाही.

हे परमिट काय असतं? लाइन बंद असूनही तारेत वीज येते कुठून? आणि छतावर, शेतात सोलर वाढायला लागल्यावर या कामातला धोका कसा बदलला? समजून घेऊ.

'लाइन क्लिअर' म्हणजे नेमकं काय?

महाराष्ट्रात वीज मंडळाचं विभाजन ६ जून २००५ ला झालं. वीज तयार करायला महानिर्मिती, मोठ्या टॉवरवरून वाहून न्यायला महापारेषण आणि घरापर्यंत पोचवायला महावितरण अशा तीन कंपन्या झाल्या. मुंबईचा काही भाग सोडला तर राज्यात घराघरात येणारी वीज महावितरणची असते. खांबावर चढणारा माणूसही तिचाच, किंवा तिच्या कंत्राटदाराचा. कागदोपत्री तो तंत्रज्ञ, कंपनीच्या भाषेत 'जनमित्र' आणि लोकांच्या तोंडी लाइनमन किंवा वायरमन.

तुमच्या घराकडे येणारी वीज आधी उपकेंद्रात येते. तिथून ११ हजार किंवा २२ हजार व्होल्टचे फिडर निघतात. एक फिडर म्हणजे अनेक गल्ल्या, वाड्या किंवा गावं. फिडरवर जागोजागी डीपी असते. तिथला ट्रान्सफॉर्मर हा दाब कमी करतो आणि घरात २३० व्होल्ट येतात.

फिडरच्या तारेवर काम करायचं असेल तर वायरमन किंवा त्याचा अभियंता उपकेंद्रातल्या यंत्रचालकाकडे परमिट मागतो. बोलीभाषेत यालाच 'लाइन क्लिअर घेणं' म्हणतात. मग साधारण असं घडतं.

१. यंत्रचालक त्या फिडरचा ब्रेकर बंद करतो.

२. त्यापुढचा आयसोलेटर उघडतो. ब्रेकर आतून तुटलाय की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. आयसोलेटरची पाती मात्र उघडलेली दिसतात.

३. उपकेंद्राच्या बाजूने ती लाइन जमिनीला जोडली जाते, म्हणजे अर्थ केली जाते.

४. स्विचवर 'माणसं काम करत आहेत' अशी पाटी लागते. शक्य तिथे कुलूपही लागतं.

५. फिडरचं नाव, वेळ, परमिट कुणी मागितलं आणि कुणी दिलं, हे सगळं नोंदवलं जातं.

एवढं झालं की वायरमनला निरोप जातो. तरीही तो लगेच तारेला हात लावत नाही. जागेवर तो एबी स्विच उघडतो किंवा डीओ फ्यूज पाडतो, टेस्टरने तार तपासतो, डिस्चार्ज रॉड लावतो आणि कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग करतो. मग बेल्ट अडकवून काम सुरू होतं.

काम संपल्यावर हाच क्रम उलटा चालतो. माणसं मोजायची, हत्यारं खाली घ्यायची, अर्थिंग काढायचं आणि ज्याने परमिट घेतलं त्यानेच ते परत करायचं. दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून लाइन चालू करायची नाही, हा यातला सगळ्यात कडक नियम. एकाच फिडरवर दोन टोळ्या काम करत असतील, तर दोन्ही परमिटं परत आल्याशिवाय ब्रेकर चालू होत नाही.

ग्राहकाला लाइट दोन तास गेलेली दिसते. प्रत्यक्ष दुरुस्ती त्यातली पाऊण तासाची असू शकते. बाकीचा वेळ दोष शोधण्यात, माणसं सुरक्षित करण्यात आणि मग लाइन परत सुरू करण्यात जातो.

लाइन बंद, मग तारेत वीज येते कुठून?

उपकेंद्रातून वीज बंद झाली म्हणजे एक वाट बंद झाली. तारेपर्यंत यायला विजेकडे आणखी बऱ्याच वाटा असतात.

चुकीचा फिडर. एकाच खांबावरून दोन फिडर जात असतील, नावं सारखी असतील किंवा फोनवर नीट ऐकू आलं नसेल, तर बंद व्हायचा तो फिडर चालूच राहतो. वीज अपघातांचं हे जुनं आणि जगभर आढळणारं कारण आहे.

दुसऱ्या बाजूचा पुरवठा. शहरात एका फिडरमध्ये बिघाड झाला तर दुसऱ्याकडून वीज देण्याची सोय असते. ग्राहकांसाठी हे चांगलं, पण त्यामुळे तार दोन्ही टोकांनी जिवंत असू शकते.

शेजारच्या लाइनचा परिणाम. बंद तार दूरवर चालू तारेला समांतर जात असेल, तर तिच्यात कुणी काही न जोडताही दाब निर्माण होतो. याला इंडक्शन म्हणतात. अर्थिंग नसेल तर तेवढा दाबही माणसाला झटका द्यायला, खांबावरून खाली पाडायला पुरतो.

आकडा. दुसऱ्या डीपीवरून कुणी चोरून वीज घेतली असेल, तर ती बंद केलेल्या तारेत शिरू शकते. आकड्याची नोंद कुठल्याच नकाशावर नसते.

जनरेटर. ही वाट सगळ्यात फसवी आहे. लाइट गेली की दुकानदार, दवाखाना, मंगल कार्यालय किंवा पाणीपुरवठा योजनेचं पंपहाऊस जनरेटर सुरू करतं. वायरिंगमध्ये नीट चेंजओव्हर स्विच नसेल, तर जनरेटरची वीज घराबाहेर पडून सर्व्हिस वायरने उलटी डीपीकडे जाते.

ट्रान्सफॉर्मरला दिशा कळत नाही. ११ हजार व्होल्ट आले तर तो कमी करून घरगुती दाब देतो. घराच्या बाजूने २३० व्होल्ट शिरले तर तेच यंत्र दाब वाढवून वरच्या तारेत हजारो व्होल्ट पाठवतं. एरवी शेजारच्या घरांचा भार पडून छोटा जनरेटर बंद पडेल. पण तार मध्येच तुटलेली असेल किंवा आसपासची घरं जोडलेलीच नसतील, तर हा भार नसतो. तार तुटलेली असते तेव्हाच वायरमन खांबावर असतो.

अर्थिंगची साखळी जीव कशी वाचवते?

टेस्टरने तपासल्यावर तार मेलेली निघाली, तर पुन्हा अर्थिंग कशाला? कारण टेस्टर फक्त त्या क्षणाचं सांगतो. पाच मिनिटांनी कुणी जनरेटर चालू करेल की नाही, हे त्याला कळत नाही.

अर्थिंग म्हणजे तिन्ही तारा एकमेकींना आणि जमिनीला जाड वायरने किंवा साखळीने जोडून ठेवणं. नंतर चुकून वीज आलीच तर ती माणसाऐवजी या सोप्या वाटेने जमिनीत जाते. प्रवाह एकदम वाढतो, उपकेंद्रातला रिले तो ओळखतो आणि ब्रेकर क्षणात पडतो. छोटा जनरेटर असेल तर त्याचा दाबच कोसळतो. अर्थिंग कामाच्या दोन्ही बाजूंना लागतं, कारण वीज कोणत्या बाजूने येईल हे आधी ठरलेलं नसतं.

जगभरात वीज कामगारांना यासाठी पाच गोष्टींचा क्रम शिकवला जातो: पुरवठा तोडा, तो पुन्हा जोडला जाणार नाही याची व्यवस्था करा, तार मेली आहे हे तपासा, अर्थिंग करा, शेजारचे चालू भाग झाका. यातली एकही पायरी 'अनुभव आहे' म्हणून गाळता येत नाही. उलट, हजार वेळा काही झालं नाही हा अनुभवच माणसाला पायरी गाळायला शिकवतो.

शरीराला किती वीज पुरते?

अपघातात व्होल्टची चर्चा होते. शरीरातून प्रवाह किती गेला, किती वेळ गेला आणि कोणत्या वाटेने गेला, यावर जीव ठरतो.

साधारण १ मिलिअँपिअरला मुंग्या येतात. १० च्या आसपास हाताचे स्नायू आखडतात आणि पकडलेली तार सोडवत नाही. ३० च्या पुढे श्वासाला अडथळा येऊ लागतो. ५० ते १०० मिलिअँपिअर प्रवाह छातीतून गेला तर हृदयाची लय बिघडून मृत्यू येऊ शकतो.

तुलनेसाठी, घरातला ९ वॅटचा एलईडी बल्ब साधारण ४० मिलिअँपिअर घेतो. म्हणजे अशा छोट्या बल्बला लागणारा प्रवाहही माणसाला धोक्यात घालायला पुरतो. म्हणूनच घरात बसवायचा आरसीसीबी ३० मिलिअँपिअरची गळती दिसताच वीज तोडतो.

११ हजार व्होल्टच्या तारेला तर स्पर्श करायचीही गरज नसते. पुरेसं जवळ गेलं की वीज हवेतून झेप घेते. ऊस वाहणाऱ्या ट्रॉलीवरचा माणूस, गच्चीवर लोखंडी सळई उभी करणारा मजूर, मिरवणुकीत उंच ध्वज धरणारा कार्यकर्ता असे लोक यातच सापडतात.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०१९, २०२० आणि २०२१ या तिन्ही वर्षांत देशात दरवर्षी १२ हजारांहून जास्त माणसं विजेच्या धक्क्याने गेली. यात वीज कर्मचारी, शेतकरी, मजूर, घरातली माणसं सगळेच आले.

सोलर आलं आणि जुनं गृहीतक मोडलं

शंभर वर्षं वीज एकाच दिशेने वाहत आली. वीजकेंद्र, टॉवर, उपकेंद्र, फिडर, घर. वरून बंद केलं की खाली अंधार. जनरेटर आणि आकडा हे अपवाद होते.

आता खालूनही वीज तयार होतेय. २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन गाठण्याचा शब्द भारताने नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत दिला. तो शब्द खाली वीज कंपनीपर्यंत येतो, तेव्हा त्याचं रूप छतावरचं सोलर आणि शेताजवळचे सौर प्रकल्प असं होतं.

'पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना' फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. देशातल्या १ कोटी घरांच्या छतांवर सोलर बसवायचं हे तिचं उद्दिष्ट. ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या घरगुती प्रकल्पाला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. शेतीसाठी राज्याने २०१७ मध्ये 'मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना' आणली आणि २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती. या दुसऱ्या टप्प्यात १६ हजार मेगावॅटचं लक्ष्य ठेवलं गेलं.

याचा सरळ अर्थ असा की प्रत्येक सोलर छत म्हणजे त्या लाइनवरचं एक छोटं वीजकेंद्र. मग उपकेंद्रातून लाइन बंद केल्यावर ही घरं तारेत वीज ढकलत राहिली तर?

यासाठीच ग्रिडला जोडलेल्या सोलर इन्व्हर्टरमध्ये एक सक्तीची सोय असते. तांत्रिक भाषेत तिला 'अँटी-आयलंडिंग' म्हणतात. ग्रिडची वीज गेली की इन्व्हर्टरने ते ओळखून साधारण २ सेकंदांच्या आत स्वतःला तोडून घ्यायचं. 'घरावर सोलर आहे, मग लाइट गेल्यावर आमचीही का जाते?' या नेहमीच्या प्रश्नाचं उत्तर हेच आहे. तुमची वीज थांबते कारण पुढच्या खांबावर कुणीतरी असू शकतो.

बॅटरीचा हायब्रिड इन्व्हर्टर लाइट गेल्यावरही घर चालू ठेवतो. पण तो घराला ग्रिडपासून पूर्ण वेगळं करूनच तसं करू शकतो. प्रमाणित यंत्र आणि नीट जोडणी असेल तर धोका नाही. धोका येतो तो स्वस्तातलं, न तपासलेलं यंत्र लावण्यात, वीज कंपनीला न कळवता पॅनेल वाढवण्यात, किंवा लाइट गेल्यावरही सोलर चालावं म्हणून कुणीतरी केलेल्या 'जुगाडा'त.

शेताजवळचे मोठे सौर प्रकल्प थेट उपकेंद्राला जोडलेले असतात. त्यामुळे परमिट देताना आता एक नवी ओळ वाढली आहे. उपकेंद्राच्या बाजूचा आयसोलेटर उघडायचा, तसा सौर प्रकल्पाच्या बाजूचाही. दोन्हीकडची खात्री झाल्याशिवाय ती लाइन 'क्लिअर' नाही.

सूर्याला स्विच नसतो

सोलर बसवणाऱ्या कामगारांसाठी धोका वेगळा आहे. ऊन पडलं की पॅनेल वीज तयार करतंच. इन्व्हर्टर बंद केला तरी पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंतच्या वायरमध्ये दाब राहतो. एकामागोमाग जोडलेल्या पॅनेलमुळे तो घराच्या छतावरही काहीशे व्होल्टपर्यंत जातो.

ही डीसी वीज असते. घरातली एसी वीज सेकंदाला १०० वेळा शून्यातून जाते, त्यामुळे तिची ठिणगी विझायला मदत होते. डीसी ठिणगी तशी विझत नाही, पेटत राहते. ढिला कनेक्टर म्हणजे आगीला आमंत्रण. अशा छताला आग लागली तर अग्निशमन दलाला पॅनेलची बाजू जिवंत आहे असंच धरून चालावं लागतं.

आणि सगळ्यात साधा धोका उंचीचा. पत्र्याच्या शेडवर, कठडा नसलेल्या गच्चीवर बेल्टशिवाय पॅनेल चढवणारी मुलं आज प्रत्येक गावात दिसतात. वीज कंपनीच्या वायरमनला निदान परमिटची शिस्त आहे. या नव्या, विखुरलेल्या, बहुतेक कंत्राटी कामगारांवर लक्ष ठेवणारं रोजचं कुणी नसतं.

दिवसा वीज, हाही सुरक्षेचाच मुद्दा

सोलरने फक्त धोके वाढवले असं म्हणणं मात्र चूक ठरेल. महावितरणचे सुमारे ४५ लाख कृषी ग्राहक आहेत. वर्षानुवर्षं त्यांना वीज पाळीने मिळत आली, काही दिवस दिवसा तर काही दिवस रात्री.

रात्री पाणी द्यायला जाणं म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या घरात वेगळं सांगावं लागत नाही. ओल्या जमिनीत अनवाणी किंवा चपलेवर, हातात बॅटरी, समोर लोखंडी स्टार्टरची पेटी. साप, विंचू आणि जुन्नर, संगमनेरसारख्या भागांत बिबट्या.

सौर कृषी वाहिनीमुळे शेतीचा फिडर दिवसा चालवता येतो. हवामानासाठी केलेल्या योजनेचा हा सुरक्षेतला सगळ्यात मोठा फायदा आहे. दिवसा काम म्हणजे शेतकऱ्याला उजेड आणि बिघाड झाला तर वायरमनलाही.

डीपीचा फ्यूज कोण टाकतो?

ग्रामीण महाराष्ट्रात एक गोष्ट सर्रास चालते. डीपीचा फ्यूज गेला की वायरमनची वाट न बघता गावातला 'जाणकार' काठीने किंवा हाताने फ्यूज टाकतो. वायरमनकडे अनेक गावं असतात, पीक वाळत असतं, म्हणून हे घडतं. कारण समजण्यासारखं असलं तरी परिणाम बदलत नाही. फ्यूजच्या जागी जाड तार घातली की पुढच्या वेळी दोष आल्यावर ती तुटत नाही, ट्रान्सफॉर्मर जळतो किंवा माणूस.

कायद्याने हे काम फक्त अधिकृत व्यक्तीनेच करायचं असतं. गावाने 'आमचाच पोरगा आहे, त्याला येतं' म्हणून पुढे केलेल्या मुलाकडे ना परमिट असतं, ना अर्थिंग, ना अपघात विमा.

पाणी आणि ड्रेनेजच्या कामातही हाच नियम

पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण करणाऱ्या यंत्रणांमध्ये धोक्याचं रूप वेगळं आहे, तत्त्व तेच. तिथे तारेच्या जागी चेंबर असतं. वरून रिकामं आणि शांत दिसणारं.

ड्रेनेजमध्ये सडण्याच्या प्रक्रियेतून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. कमी प्रमाणात त्याला कुजक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढलं की नाकाची वास घेण्याची क्षमताच बधिर होते. 'आता वास येत नाही, उतरायला हरकत नाही' हा अंदाज म्हणूनच जीवघेणा ठरतो. हवेत प्राणवायू साधारण २१ टक्के असतो. तो १९.५ टक्क्यांखाली गेला तर ती जागा काम करायला धोक्याची मानतात, आणि हे मीटरशिवाय कळत नाही. एक जण कोसळला की दुसरा त्याला काढायला उतरतो आणि तोही जातो.

माणसाला संरक्षक साधनांशिवाय गटारात उतरवण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. गटारातल्या मृत्यूंसाठी वारसांना ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये दिला. त्याआधी ही रक्कम १० लाख होती.

इथेही पर्यावरणाचं उद्दिष्ट आणि कामगाराची सुरक्षा एकमेकांना भिडतात. नागपूरजवळचं महानिर्मितीचं कोराडी वीज केंद्र भांडेवाडीत प्रक्रिया केलेलं शहराचं सांडपाणी वापरतं. त्यामुळे तेवढं ताजं पाणी वाचतं. पण सांडपाण्याचा पुनर्वापर जितका वाढेल, तितके पंपहाऊस, टाक्या, वाहिन्या आणि त्यांत उतरण्याची वेळ येणारी माणसंही वाढतील. उतरण्याआधी गॅस मोजणं, हवा खेळती करणं, पंप कुलूप लावून बंद ठेवणं आणि वर दोरी धरून माणूस उभा ठेवणं, हे त्या चेंबरचं 'परमिट' आहे.

कायदा काय सांगतो?

वीज सुरक्षेसाठी मुख्य नियम केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे आहेत. २०१० चे जुने नियम बदलून २०२३ मध्ये नवे आले. कामापूर्वी वाहक तार अर्थ करणं, अधिकृत व्यक्तीनेच काम करणं, संरक्षक साधनं देणं या गोष्टी त्यात येतात. साधनं आणि प्रशिक्षण देण्याची जबाबदारी वीज कंपनीवर आहे, ती कामगाराने आपल्या खिशातून निभवायची नसते.

विजेमुळे मृत्यू झाला तर वीज कायदा २००३ च्या कलम १६१ खाली त्याची सूचना द्यावी लागते. जीवघेण्या अपघाताची माहिती कळल्यापासून २४ तासांत ती देणं बंधनकारक आहे. त्यानंतर विद्युत निरीक्षक चौकशी करतो. हा निरीक्षक सरकारचा असतो, वीज कंपनीचा नाही. त्यामुळे त्याचा अहवाल भरपाईच्या मागणीत महत्त्वाचा ठरतो.

कागद पक्का असला तरी खरी परीक्षा आणीबाणीत होते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि हजारो खांब आडवे झाले. अशा वेळी दुसऱ्या जिल्ह्यांतून टोळ्या येतात. त्यांना तिथले फिडर, तिथले जोड, कोणाकडे जनरेटर आहे, काहीच माहीत नसतं. वर ओली झाडं, खाली पाणी आणि सगळ्या बाजूंनी 'लाइट कधी येणार?' पायरी गाळण्याचा मोह तेव्हाच सगळ्यात जास्त असतो. कंत्राटी कामगाराला 'परमिट आल्याशिवाय चढणार नाही' म्हणता येतं का आणि म्हटल्यावर त्याचं काम टिकतं का, यावर त्या यंत्रणेची सुरक्षा ओळखावी.

ग्राहक म्हणून तुमच्या हातात काय आहे?

- जनरेटर असेल तर चेंजओव्हर स्विच लावा. ग्रिड आणि जनरेटर एकाच वेळी जोडलेच जाणार नाहीत अशी ती सोय असते. सॉकेटमध्ये दोन्हीकडे पिना असलेली वायर खुपसून घर चालू करू नका.
- सोलर बसवताना इन्व्हर्टर प्रमाणित आहे का विचारा. बसवलेली क्षमता आणि कंपनीला कळवलेली क्षमता एकच ठेवा.
- घरात आरसीसीबी बसवा आणि त्यावरचं 'टेस्ट' बटण अधूनमधून दाबून बघा. दाबल्यावर तो पडला नाही तर तो निकामी आहे.
- डीपीला हात लावू नका. गावातल्या कुणाला लावायला सांगू नका.
- तुटलेली तार मेलेली आहे असं समजू नका. लांब राहा, इतरांना लांब ठेवा आणि १९१२ वर कळवा.
- कुणाला धक्का बसला असेल तर आधी वीज तोडा. घरगुती वीज असेल आणि ती तोडता येत नसेल तर कोरड्या लाकडाने माणसाला वेगळं करा. खांबावरच्या उच्चदाबाच्या तारेबाबत लाकूडही चालत नाही. तिथे जवळ जाऊ नका, आधी लाइन बंद करून घ्या.
- खांबाखालच्या वायरमनला 'दोनच मिनिटांचं काम आहे, चढून टाका' असं म्हणू नका.

देशात २०२१ पासून दरवर्षी ४ मार्चला लाइनमन दिवस पाळला जातो. त्या दिवशी सत्कार होतात, फोटो येतात. वीज कंपनीच्या वार्षिक अहवालात मात्र सोलरचे मेगावॅट एका प्रकरणात असतात आणि अपघात दुसऱ्या. खांबावर ही दोन प्रकरणं एकाच तारेत येतात. नव्या मेगावॅटसोबत परमिटमध्ये किती ओळी वाढल्या, किती माणसांना त्या शिकवल्या आणि किती जणांच्या हातात अर्थिंगची साखळी पोचली, हे त्याच पानावर छापलं गेलं तर दिलेला शब्द किती खरा आहे ते कळेल.